ह्यो माझ्यासंगं नाय

९ ऑगस्ट ७८
आरशात तोंड बघवत नाही. थू.
विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटलीय. परवा सिल्लोडहून येताना एस.टी. अडवली. काठ्या, दगड. "नामांतरवाले खाली उतरा!" एकाने कॉलर धरली. मी गळ्यातला क्रूस दाखवला, "किरिस्ताव हाय मी." तिथंच थांबलो असतो तर... शेजारी गंगाधर. सख्खा मावसभाऊ, बौद्ध. "ह्यो कोण?" म्हणालो, "माझ्यासंगं नाय." एकाच फडक्यातली भाकरी खात होतो आम्ही. त्याला ओढून नेलं. बस सुटली. घास माझ्या तोंडातच.

११ ऑगस्ट
चिकलठाण्याला ड्यूटी. बसमधलं ऐकून फोरमनने पाठ थोपटली, "लई अक्कल चालवली गड्या!" अंगावर पाल पडल्यासारखं झालं.
गंगाधर जिवंत आहे. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. अक्काकडे, त्याच्या बहिणीकडे आहे.
बायको म्हणते, "तुमी वाचलात, प्रभूची दया." तिच्यावर ओरडलो. तेही चुकलंच.

रवि., १३ ऑगस्ट
चर्चमध्ये प्रभुभोजन. भाकरीची ताटली आली, तशीच पुढे सरकवली. प्यालाही. सगळे बघत होते. पापी-पापी म्हणून गाणारे ते तेल लावलेले चेहरे. शिसारी आली. स्वतःची जास्त.
नंतर पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, डोक्यावर हात ठेवतील, सुटलो. म्हणाले, "प्रभू क्षमा करतो, खरंय. पण ताटली सोडलीस ते बरं केलंस. आधी भावाकडं जा."
संताप आला. पण इतक्या दिवसांत खरं बोलणारा हा पहिलाच. घरी येऊन पोटभर जेवलो.

१५ ऑगस्ट
सुट्टी. गेलो.
गंगाधर खाटेवर, हात गळ्यात बांधलेला. मला बघून अक्का आत निघून गेली. रडलो, माफी मागितली. वर म्हणालो, देवानं मला माफ केलंय. मूर्ख!
"मला इचारलं व्हतं का तुझ्या देवानं?"
उठलो. दारात पोचलो तर म्हणाला, "कोनाड्यात वस्तरा हाय. दाढी करता येत नाय मला."
साबण लावला. वस्तरा गळ्याशी आणला. त्याने मान वर केली. डोळे मिटले नाहीत.
पुन्हा ये म्हणाला नाही. येऊ नको, असंही नाही.

१७ ऑगस्ट
गंगाधरकडे जाताना वाटेत प्रार्थना केली. त्याचा हात सांधू दे, एवढीच. बऱ्याच दिवसांनी देव ऐकतोय असं वाटलं.
दाराला आतून कडी. ओट्यांवर माणसं बसलेली, सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती.
"कोण हाय?" अक्काचा आवाज.
मोठ्याने म्हणालो, "गंगाधरचा भाऊ."
मग गंगाधरचा आवाज आला, "अक्का, दाढीला पाणी तापव."