दोन टिंबं आणि एक कंस

बाबा, आज दुपारी ताईच्या मुलीनं मला सांगितलं की हसरा चेहरा पाठवत जाऊ नकोस. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती दोन वर्षांची होती, तुमच्या खाकी पिशवीत पाय घालून बसायची. आता कॉलेजात जाते. आमचा घरच्यांचा एक ग्रुप आहे, मोबाइलवर सगळ्यांना एकदम लिहिता येतं, तिथं मी काल सकाळी लिहिलं होतं, ‘ठीक आहे, उद्या येते,’ आणि पुढं एक पिवळा हसरा चेहरा टाकला होता. ती म्हणाली, “मावशी, तू चिडली होतीस का?” मी म्हटलं, “नाय गो, का?” तर म्हणते, “मग तो चेहरा कशाला? आमच्यात कोणी खूश असलं की तो नाही पाठवत. विषय संपव, पुढं बोलू नकोस, असं म्हणायचं असलं की पाठवतात.” मी शहापूरला ज्या शाळेत कारकून आहे तिथंही असंच चालतं. साहेब नुसता अंगठा पाठवतात, एका बाईंना वाटतं आपलं काम पसंत पडलं, दुसऱ्या बाईंना वाटतं आपल्याला झटकून टाकलं. हात जोडलेलं चित्र वाढदिवसालाही जातं आणि कोणी गेलं तरी जातं. मी हसून हे सगळं भाचीला सांगत होते. ताई शेजारी मेथी निवडत बसली होती. ती ताट तसंच ठेवून उठली, आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. म्हणून हे तुम्हाला लिहायला बसले. सतरा वर्षांपूर्वी तुम्ही गेलात, त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट आहे. तुम्हाला ती अर्धीच माहीत होती.

तुम्ही मुरबाडच्या बाजूच्या सात-आठ गावांचं टपाल वाटायचात. सायकलला पिशवी अडकवून सकाळी निघालात की दुपारी तीनला परत. लोक पत्र हातात घेऊन तुम्हालाच म्हणायचे, “वाचा की जरा, पोस्टमन.” कोपरा फाडलेलं कार्ड, म्हणजे कोणी गेल्याची बातमी, असली की तुम्ही आधी माणसाला ओट्यावर बसवायचात, पाणी मागायचात, स्वतः प्यायचात, आणि मग वाचायचात. मी नऊ वर्षांची असेन तेव्हा शाळेला सुट्टी होती म्हणून तुमच्याबरोबर आले होते. एका म्हातारीच्या मुलाचं उल्हासनगरहून कार्ड आलं होतं. तुम्ही शेजारच्या घरात होतात तेवढ्यात मी ते वाचलं. ‘यंदा येत नाही. भात झोडून घे.’ एवढंच. मी विहिरीवरच्या बायकांना सांगून टाकलं की म्हातारीचा मुलगा तिच्यावर रागावलाय. तुम्ही आलात, म्हातारीला तेच कार्ड वाचून दाखवलंत, आणि ती खुदकन हसली. म्हणाली, “बरा हाय म्हंजे.” परतताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होतात. तुम्ही मला कधी मारलं नाही, त्या दिवशीही नाही, पण इतक्या कोरड्या आवाजात परत कधी बोलला नाहीत. “तो पोरगा रागावला असता तर मोठं पत्र लिहिलं असतं. हे त्या दोघांचं बोलणं हाय. दुसऱ्याचं पत्र आपल्याला कधी पुरतं वाचता येत नाय. म्हणून वाचायचं नाय.” मी घरी येईपर्यंत मान वर केली नव्हती.

ताईचं लग्न म्हसा गावाच्या पलीकडं झालं. जावई मुरबाडला कारखान्यात शिफ्टवर. दोन हजार पाच साल असेल, त्यांनी नवा मोबाइल घेतला आणि जुना ताईला दिला, शिफ्ट बदलली की कळवता यावं म्हणून. आपल्या घरी तेव्हा फोन नव्हता. मी मुरबाडला संगणकाच्या क्लासला जात होते. तिथंच पहिल्यांदा ते चिन्ह पाहिलं. आधी दोन टिंबं, एकाखाली एक, आणि पुढं कंस. मान डावीकडं कलती केली की दोन डोळे आणि हसणारं तोंड. क्लासमध्ये सगळे ते कुठंही टाकायचे. चूक झाली की टाकायचे, थट्टा केली की टाकायचे, काही सुचलं नाही की टाकायचे. दिवाळीला ताई आली तेव्हा मी तिच्या मोबाइलवर ते काढून दाखवलं. ती चुलीपाशी करंज्या तळत होती. झारा हातात धरून तिनं मान वाकडी केली आणि म्हणाली, “हे तर आडवं पडलंय गो.” आम्ही दोघी खूप हसलो. तुम्ही बाहेरून विचारलंत, “काय झालं?” आणि आम्ही सांगितलं नाही.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते लिहिते. क्लासमध्ये एक मुलगा होता. आपल्यातला नव्हता. त्याच्याशी माझं वर्षभर चाललं होतं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना, आणि सांगायचं तर ताईलाच. म्हशाची जत्रा लागली होती, ताई घोंगडी घ्यायला येणार हे मला ठाऊक होतं. त्या मुलाकडं मोबाइल होता. मी तो मागून घेतला आणि ताईला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. ‘उद्या जत्रेत भेटू. घरी सांगू नकोस.’ घरी म्हणजे आपल्या घरी, तुम्हाला आणि आईला. हे जरा दरडावल्यासारखं वाटलं म्हणून पुढं दोन टिंबं आणि कंस टाकला. नाव लिहिलं नाही. ते चिन्ह पाहिलं की ताईला मीच हे कळेल, दुसरं कोण तिला असं पाठवणार, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी घोंगडीवाल्यांच्या रांगेपाशी अकरापासून उभी होते. बैलांच्या बाजारातून धूळ येत होती. ताई आली नाही. एक वाजता तिच्या गावची जीप आली, त्यातून तिच्या शेजारची बाई उतरली. मी विचारलं, “ताई नाय आली?” ती म्हणाली, “येनार होती. नवरा नको बोलला.” एवढं बोलून ती माझ्याकडं बघत राहिली. मला काहीतरी विचारावं असं तिच्या मनात होतं आणि तिनं विचारलं नाही. मी तीन वाजेपर्यंत थांबले.

त्या मुलानं मला संध्याकाळी सांगितलं की आदल्या दिवसापासून एका नंबरवरून सारखे फोन येतायत. पहिल्यांदा त्यानं उचलला, “हॅलो, कोण?” म्हणाला, तर पलीकडून नुसता श्वास ऐकू आला आणि फोन कट झाला. दुसऱ्यांदाही तेच. नंबर ताईचाच होता. मला तेव्हाच सगळं समजायला हवं होतं. समजलंही होतं, पण मी स्वतःला सांगत राहिले की ताईनंच केला असेल.

पुढं काय झालं ते ताईनं मला फार वर्षांनी, एकदाच सांगितलं. ताईच्या मोबाइलवरचा तो निरोप जावयांनीच आधी वाचला, पण त्या दिवशी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. फक्त मोबाइल खिशात ठेवला. मग रोज जेवायला बसले की तो ताटाशेजारी ठेवायचे, आणि पहिला घास घ्यायच्या आधी विचारायचे, “आज हसायचं काय आलं नाय?” ताई वाढत राहायची. आठ दिवस असंच. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. ताई म्हणाली की त्या दिवशी तिच्या हातातून आमटीची वाटी पडली, इतकी ती घाबरली होती.

त्याच दिवशी तुम्हाला निरोप आला, ‘या, बोलायचंय. पोरीच्या बहिणीलाही आणा.’ मला कशाला बोलावलंय ते तुम्हाला कळलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना कळलंय. त्यांच्या ओट्यावर जावयांचे चुलते आणि गावातले तिघं बसलेले. मला बोलावलं होतं ते ताईचे कपडे भरायला, जर न्यायचंच झालं तर. सतरंजीच्या मधोमध मोबाइल ठेवला होता. त्याला कोणी हात लावत नव्हतं, साप असल्यासारखं. ताई दाराच्या आत उभी होती, मुलगी कडेवर. चुलते म्हणाले, “पोस्टमन, तुमी कागद वाचनारे मानूस. तुमीच वाचा.”

तुम्ही चष्मा लावलात. इंग्रजी अक्षरं एकेक जुळवत वाचलंत, तुम्ही पत्र वाचायचात त्याच सावकाश आवाजात. ‘उद्या जत्रेत भेटू. घरी सांगू नकोस.’ मग थांबलात. म्हणालात, “पुढं दोन टिंबं हायत आनि एक कंस.”

“त्याचा अर्थ?” चुलत्यांनी विचारलं.

“नाय माहीत.”

जावई पहिल्यांदा बोलले. “मान वाकडी करून बघा. हसतंय ते. शब्दांचं मी काय बोलत नाय, शब्द कुनाचे पन असतील. पन माझ्या बायकोकडं बघून हे हसतंय कोन? मी फोन केला तर बाप्या बोलतोय.”

तुम्ही मान वाकडी केलीत. मग मोबाइल चुलत्यांकडं गेला, त्यांनी मान वाकडी केली. मग एकेक करून त्या तिघांनी. पाच मोठी माणसं, पागोटं सावरत, एका बाजूला कलून त्या काचेत बघत होती. कोणीही हसलं नाही. ज्यानं त्यानं बघून झालं की ताईकडं बघितलं.

ताईनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे मी पाठवलंय. तिनं फक्त म्हटलं, “मला नाय माहीत कुनाचा नंबर हाय तो.” मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. दुसऱ्याचं पत्र पुरतं वाचता येत नाही, हे तुम्ही त्या सगळ्यांना सांगाल. तुम्ही चष्मा काढलात, घडी केलीत, आणि हात जोडलेत. “पोरीची चूक झाली असंल. पदरात घ्या.”

त्यांनी घेतली. फोन बंद, बाजार बंद, नवऱ्याशिवाय माहेरी यायचं नाही. मी कपडे न भरताच परत आले. ताईनं मला दारात पाणी दिलं तेव्हा हळूच म्हणाली, “तुझं तरी नीट होऊ दे.” परतताना मुरबाडच्या स्टँडवर उतरलो तेव्हा तुम्ही विचारलंत, “तू त्या क्लासात शिकतेस. तुला ते चिन्ह येतं?” मी म्हटलं, “नाय.” तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला खरंच पटलं, का तुम्ही मुद्दाम विचारणं थांबवलंत, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

त्यानंतर तुम्ही लोकांची पत्रं वाचून दाखवणं सोडलंत. चष्मा खिशात असायचा आणि तुम्ही म्हणायचात, “चष्मा राह्यला घरी.” आईला वाटलं तुमची नजर गेली. दोन वर्षांनी तुम्ही गेलात तेव्हा ताईला तिसऱ्या दिवशी आणलं, दोन तास बसवलं आणि परत नेलं. त्या दोन तासांत जावई तिच्या शेजारून उठले नाहीत. हात उगारणं तोवर सुरू झालं होतं, ते मला तिच्या मनगटावरून दिसलं. आणखी दोन वर्षांनी एका सकाळी ती मुलीला घेऊन पहिल्या एसटीत बसली. किन्हवलीला अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, तिथंच खोली घेतली, मुलीला शिकवलं. मी दर रविवारी जाते. चांगलं चाललंय, बाबा. ती तुमच्याबद्दल एक शब्द वाईट बोलत नाही. माझ्याबद्दलही नाही.

मगाशी ती आतून आली तेव्हा डोळे धुतलेले होते. मुलीला म्हणाली, “मावशीला जे पाठवायचं ते पाठवू दे. मला समजतं.” मग परत मेथी निवडायला बसली. मी तिथंच सांगायला हवं होतं आणि मी भाचीच्या परीक्षेचं विचारलं.

ताईला वाटतं, तिनं त्या दिवशी तोंड मिटून माझं काहीतरी वाचवलं. पुढं माझं लग्न झालं नाही त्याला ती नशीब म्हणते. तुमची माफी मागायची म्हणून एवढं लिहिलं, पण जे लिहायचं होतं ते हे नव्हतं. त्या बैठकीच्या आदल्या दिवशीच तो मुलगा मला क्लासच्या जिन्यात म्हणाला होता, त्या फोनांना मी घाबरलो, आता भेटायचं नाही. म्हणजे मी त्या ओट्यावर गप्प बसले तेव्हा माझ्याकडं वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला नुसती लाज वाटत होती.