साडेसातची गुणाबाई

१९ जून, गुरुवार

सातवीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं — 'गुणाबाई आल्या'. मी पुसलं आणि अपूर्णांक शिकवायला घेतले. मागच्या बाकावरून कुणीतरी टीव्हीवरच्या गुणाबाईचं ते 'अय माय वं' काढलं. सगळा वर्ग फुटला. मी रागावले नाही. रागावले असते तर हुबेहूब तिच्यासारखी दिसले असते.

सत्तावीस वर्षांची नोकरी. तीन महिन्यांची मालिका.

२१ जून, शनिवार

आज यांची 'शनिवारची खिचडी' आली पेपरात. चौदा वर्षं हे तळोद्याच्या ऑफिसातली कारकुनी सांभाळून विनोदी सदर लिहितात. त्यात मी असतेच. शहाद्याला भलत्याच लग्नात जेवून आले, तेही आलं होतं. तेव्हा मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं शेजारी. पोट धरून हसलो होतो. आपल्या माणसांत होतं ते.

आता मुंबईच्या टीव्हीवाल्यांनी त्यावर 'घरचा अग्रलेख' ही मालिका केलीय. रोज साडेसातला. त्यातला नवरा स्वच्छ मराठी बोलतो. बायको, गुणाबाई, तेवढी अहिराणी बोलते. ती काही विनोदी बोलत नाही. नुसती बोलली की मागून हसण्याचा आवाज सोडतात. घरात तर हे माझ्यापेक्षा जास्त अहिराणी बोलतात! मी तसं म्हटलं. म्हणाले, मी असं लिहिलं नव्हतं, त्यांनी बदललं. डिसेंबरपर्यंतचा करार आहे.

२४ जून

ठरवलंय. घरात, बाहेर, कुठंही अहिराणी बोलायची नाही. आज बाजारात भाजीवालीला म्हटलं, वांगी कशी दिली? ती शेजारणीला म्हणाली, गुणाबाई आते शुद्ध बोलाले लागनी.

म्हणजे बोललं तरी तेच. नाही बोललं तरी तेच.

२ जुलै, बुधवार

माय आज हसली. होळीनंतर तिला प्रकाश्याहून इकडे आणलं तेव्हापासून पहिल्यांदा. तिकडे एकटी असायची. कधीची विकलेली म्हैस शोधायला तापीकडे चालत निघाली होती, लोकांनी परत आणली. इथे दिवसभर भिंतीकडे बघत बसते. दोन घास जात नाहीत.

साडेसातला टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "मन्ही रंजू!"

मी म्हटलं, माय, रंजू मी आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. पाहुण्याकडे पाहतात तसं, नीट, मान देऊन. आणि विचारलं, "तू कोन गावनी शे, बाई?"

पण अख्खी भाकर खाल्ली. गुणाबाईकडे बघत.

३ जुलै

पुन्हा तेच. पुन्हा अख्खी भाकर.

५ जुलै, शनिवार

शाळेत डबा खाताना एकदम लक्षात आलं. मायची पोर अहिराणी बोलते. गुणाबाई बोलते. मी दहा दिवस पुस्तकासारखी बोलतेय. कशी ओळखणार ती मला?

घरी येऊन चप्पलही न काढता तिच्यापुढं बसले. आमच्या गावच्या बोलीत सगळं बोलले — केळीची बाग, चुलत्याचं भांडण, तिनं मला नदीत पोहायला शिकवलं ते. मायनं सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाली, "मन्ही पोरनी नक्कल करी ऱ्हायनी का? असं करू नही."

न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

९ जुलै

यांनी भिंतीला टेकवून पुढच्या खिचडीचा कागद ठेवला होता. वाचला. सासू टीव्हीतल्या बाईला लेक समजते आणि खऱ्या लेकीला गाव विचारते. चांगलं लिहिलंय, हीच तर पंचाईत. एका ठिकाणी मलाही हसू आलं, आणि मग स्वतःची इतकी शिसारी आली.

मी म्हटलं, हे नाही जाणार. हे म्हणाले, पाठवलं नाहीये अजून. मग मान खाली घालून म्हणाले, पण फोनवर मुंबईला सांगून बसलो. त्यांना फार आवडलं. सासूचं पात्र आणताहेत.

"भूपेश," मी म्हटलं. लग्नानंतर नावानं कधी हाक मारली नव्हती. "मला हसले, मी सोसलं. मायला कुणी हसलं तर मी तिला घेऊन प्रकाश्याला जाईन. परत येणार नाही."

 माझ्याकडे बघत राहिले, जणू हे वाक्य कुठल्याच लेखात बसत नव्हतं.

१४ जुलै, सोमवार

यांनी आज माझ्यासमोर मुंबईला फोन लावला. म्हणाले, सासू आणू नका. तिकडच्या माणसानं सांगितलं की पात्रं आता त्यांची आहेत, तुमची लिखाणाची मदत नसली तरी चालेल. फोन ठेवून यांनी गुडघ्यावर हात टेकले. म्हणाले, "रंजिता, मन्हाच घरमा मन्हं काहीच ऱ्हायनं नही."

मला वाटलं होतं, मी एकटीच कोंडलेय.

१९ जुलै, शनिवार

पेपरात खिचडी नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा. यांनी संपादकांना कळवलं, आता नाही लिहिणार. मी चहा ठेवला.

मालिका मात्र चालूच. बंद झाली तर माय जेवणार नाही. नको असलेल्या बाईची मी रोज साडेसातला वाट बघते. कुणाला सांगावं हे?

२२ जुलै

सासूचं पात्र आलं. चष्मा हरवते, तो डोक्यावरच असतो. मागून हशा. मी रिमोटकडे हात नेला. तेवढ्यात माय त्या म्हातारीला बघून खुदकन हसली. हात तसाच राहिला.

२५ जुलै, शुक्रवार

आज माय टीव्हीकडे बघतच नव्हती. मी घास पुढं केला तर तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "मन्ही पोर टीव्हीमा ऱ्हास. तिले येवाले सवड नही. तू रोज खावाडस. तूच व्हई जाय ना मन्ही पोर."

मी म्हटलं, "व्हसू, माय."