ठोंबरे आले का?

॥ श्री ॥

मु. खोपोली, गोदूताईचे घर
ता. १२ फेब्रुवारी १९४७

जिवलग मित्र येसाजी यास आबाजी दत्तू ठोंबरे, कडावकर, याचा स. न. वि. वि.

वरचा पत्ता वाचून तू डोळे चोळशील. तुझ्या समजुतीने मी काल विमानातून नागपुरास उतरलो असणार. गावाने हलगी लावून, गळ्यात हार घालून मला कर्जत स्टेशनापर्यंत पोचवलं, हे तुझ्या कानी आलंच असेल. गड्या, मी गेलो नाही. परवा कल्याणला उतरलो आणि उलट गाडीने इथे ताईकडे येऊन लपलो. तुझं घर कल्याणातच, पण तू हसून हसून गावभर केलं असतंस, म्हणून तिकडे फिरकलो नाही.

झालं असं की डब्यात एक शहाणा भेटला. त्याचा मेहुणा विमानात बसून आलेला. तो म्हणाला की आधी माणसाला काट्यावर चढवून वजन करतात, मग दार बाहेरून बंद करतात, आणि पुढ्यात ओकायला कागदी पिशवी ठेवतात. मी भातगिरणीवाला माणूस. वजन करून चढवलेला माल मालकाच्या मर्जीने परत उतरत नाही, हे मला चांगलं ठाऊक. कल्याण आलं तशी मी खाली उडी टाकली. कर्जतला गाडी बदलताना उपरण्याने जबडा बांधून दाढदुखीचं सोंग केलं. तिथे आपल्या गावचा धाकलू उभा! त्याने बाबा, बाबा म्हणत माझ्या हातावर लवंग ठेवली, पण ओळखलं नाही.

आता खरी अडचण ऐक. आमची मैना नागपुरास दिवस भरत आलेली, डॉक्टराने प्रवास करू दिला नाही, जावई रेल्वेत पाळीवर आणि घरात दुसरी बाईमाणूस नाही. विमल मागे लागली होती की मला न्या. मी मिशीला पीळ देऊन म्हणालो की विमान ही बायकांची गोष्ट नव्हे, आधी मी जाऊन बघतो. आता कुठल्या तोंडाने परत जाऊ? लाडवांचा डबा गडबडीत कल्याणच्या गाडीत राहिला. तिकीट त्यातच होतं, तेव्हा पुरावा तरी बुडाला.

तू डाकडब्यात टपाल लावतोस, नागपुरापर्यंत तुझी फेरी असते. सोबतचं पत्र तिथल्या पेटीत टाक, म्हणजे शिक्का नागपूरचा पडेल. जमलं तर मैनाची खुशाली काढ. ताई मला फुकट ठेवत नाही, दिवसभर तांदूळ निवडायला बसवते. माझी अब्रू तुझ्या हाती आहे. मैत्रीला जाग, रे बाबा.

तुझा,
आबाजी

(सोबतचे पत्र)

॥ श्री ॥

मु. नागपूर
ता. ११ फेब्रुवारी १९४७

सौ. विमल हीस अ. आ. वि. वि.

मी सुखरूप पोचलो. विमान म्हणजे काय चीज आहे ते तुला सांगून कळायचं नाही. वर गेल्यावर जरा उकडलं म्हणून मी खिडकी उघडली आणि हात बाहेर काढून ढग धरला. हात पार ओला झाला. शेजारचे भले भले कोटवाले भेदरून बसले होते, त्यांना मीच धीर दिला. वाटेत इगतपुरीवर विमान पाणी घ्यायला थोडं थांबलं, तिथे चहा बरा मिळतो.

मैना खुशाल आहे. तू दिलेले डिंकाचे लाडू तिने आल्या आल्या दोन खाल्ले आणि आईच्या हाताची चव म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. तू काळजी करू नकोस, मी आहे ना इथे. तुझा जीव विमानात घाबरला असता, म्हणून आणलं नाही एवढंच. गुरांकडे लक्ष असू दे आणि माझ्यावरचा भाव आहे तसाच ठेव.

आबाजी

॥ श्री ॥

मु. नागपूर
ता. १५ फेब्रुवारी १९४७

आकाशमार्गी आबाजीराव यांस येसाजीचा खाली वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पेटीत टाकायला निघालो होतो. मग म्हटलं, खुशाली काढायचीच आहे, तर पोरीला भेटूनच पेटीकडे जाऊ. जावयाच्या बिऱ्हाडाची कडी वाजवली. दार कोणी उघडलं असेल? विमलवहिनींनी! कमरेला पदर खोचलेला, हातात गरम पाण्याचं भांडं. मला वाटलं मला ऊन लागलं, पण फेब्रुवारीत कसलं ऊन?

वहिनींनी विचारलं की तुमचे मित्र कुठे आहेत. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. हातातलं पाकीट त्यांनी काढून घेतलं. पत्ता त्यांच्याच नावाचा, मी कोण अडवणार? उभ्या उभ्या वाचलं. इगतपुरीपर्यंत गंभीर होत्या. लाडवांपाशी आल्या आणि भिंतीला धरून खाली बसल्या. हसत होत्या, रे. आतून मैना ओरडली की आई, हसवू नको, टाके दुखतात.

तर बाबा, तू आजोबा झालास. मुलगी आहे. बाकीचं वहिनी लिहितील, त्यांनी तुझी सगळी हकिकत आणि खोपोलीचा पत्ता माझ्याकडून काढून घेतला आहे. मी दिला. मित्र असलो तरी मला त्यांच्या हातचं जेवायचं होतं. रागावू नकोस, निदान फार दिवस नको.

तुझाच,
येसाजी

॥ श्री ॥

मु. नागपूर
ता. १६ फेब्रुवारी १९४७

मैनाच्या बाबांच्या पायाशी विमलचा दंडवत. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं. मैनाला दोनदा वाचून दाखवलं, जावयबापूंना एकदा. आता माझं ऐका.

डबा गाडीत नव्हता राहिला. घरी देवळीतच होता. तुमी गेल्यावर दिवा लावायला गेले तर समोर डबा, आन् झाकण उघडलं तर लाडवांवर तिकीट! म्हटलं, हे बिचारे तिकडं तिकिटाविना उभे राहतील, लोक हाकलून देतील. सकाळच्या गाडीनं नामाभावजींना घेऊन निघाले ती थेट जुहूच्या विमानतळावर.

तिथं एका बाकावर एक कापडवाले शेट बसले होते. त्यांच्याकडं तिकीट नव्हतं. कुनी यायचं राहिलं तर त्यांना जागा मिळणार होती. ते सांगत होते की असं रोज होतं. तिकीट काढतात आन् येत नायत. कुनाची बायको रडते, कुनाच्या पोटात कळ येते. मंग कारकून तीनदा नाव पुकारतो आन् जागा बाकावरच्याला देतो. त्यांनी नामाभावजींना हळूच इचारलं की तुमचा मानूस पोटात कळ येणाऱ्यांतला हाय का. मला असा राग आला! मी तोंडावर सांगितलं की आमचं मानूस वाघ हाय. आता बोला.

इतक्यात कारकुनानं पुकारलं, ठोंबरे आले का? पुन्हा पुकारलं. शेट उठून धोतर झटकायला लागले. मला वाटलं तुमी आत अडकलात, म्हणून धावत जाऊन तिकीट पुढं केलं. त्यानं इचारलं की ठोंबरे का? मी हो म्हटलं, ठोंबरेच की मी. मंग म्हणाला पूर्ण नाव सांगा, तिकिटावरचं. तिकिटावर तर तुमचं नाव! नवऱ्याचं नाव कसं घेऊ चार लोकांत? उखाणा घ्यायचा तर एक आठवेना. मी मान खाली घालून म्हटलं की तुमी वाचलंत तेच. त्यानं कागदावर खूण केली आन् मला डब्यासकट काट्यावर उभं केलं. कागदावर वजन लई जास्त लिवलंय म्हणाला. मी म्हटलं, काळजीनं उतरलं.

आत जाऊन एकेक खुर्ची बघितली, तुमी कुठंच नाय. तोवर दार लागलं. ओरडावं असं आलं मनात. पन मैनाचं तोंड डोळ्यापुढं आलं आन् मी गप बसून राहिले. चोरी केली म्हणा हवं तर. तुमच्या जागेची केली, दुसऱ्या कुनाच्या नाय.

आन् खिडकी उघडत नाय, समजलं? कोनचा ढग धरलात तुमी? इगतपुरी कधी गेली ते कळलंबी नाय. डिंकाचे लाडू बाळंत झाल्यावर देतात, दिवस भरायच्या आधी कुनी देतं का? त्याच रातीला मैनाला कळा सुरू झाल्या. आगगाडीनं निघाले असते तर वाटेतच असते.

नामाभावजींनी मला विमानाकडं जाताना कठड्यापलीकडून पाहिलं. त्यांना वाटलं तुमी आधीच आत बसलात. त्यांनी गावभर सांगितलंय की दादा-वैनी जोडीनं उडाली. मी काय बोलनार नाय. तुमी ठरवा. गोदूवन्संना नमस्कार, त्यांना सांगा तांदूळ नीट निवडून घ्या. पत्राची वाट बघते, माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
विमल

॥ श्री ॥

मु. कडाव
ता. २२ फेब्रुवारी १९४७

सौ. विमल हीस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस जेवण गेलं नाही. ताईने पत्र वाचून घेतलं आणि मला फक्त एवढंच सांगितलं की उद्यापासून तुझं तू बघ. मग काल कडावला आलो. बातमी माझ्याआधी पोचलेली. संध्याकाळी देवळात सतरंजी टाकून सगळा गाव जमला, मला पाटावर बसवलं, हार आणला, आणि विमानाची हकिकत सांगा म्हणून धरलं.

तू गप्प राहणार होतीस. नामाने माझी बाजू आधीच राखलेली. मी खुशाल सांगायला लागलो, ढग, कोटवाले, सगळं. खिडकी मात्र बंद ठेवली. मग धाकलूने हात जोडून विचारलं की वर गेल्यावर कानाला काय होतं, त्याच्या भावाला विमानाच्या कारखान्यात नोकरी लागायची आहे आणि त्याचे कान फुटके आहेत. विमल, तू कानाचं काहीच लिहिलं नव्हतंस गं. मी खोटं काही ठोकून दिलं असतं आणि त्या पोराने त्यावर भरवसा ठेवला असता.

मी म्हणालो, मला ठाव नाय. मी गेलोच नाय. आमची विमल गेली, तिला इचारा.

मग पहिल्यांदा बायका हसायला लागल्या, मग सगळेच. सोनुबाई तर गडबडा लोळली. हार पुन्हा टोपलीत गेला. तुझ्यासाठी ठेवलाय म्हणे. पोरं मला वाटेत ठोंबरे आले का म्हणून हाका मारतात. मारू देत. रागाने अंगाचा तिळपापड होतो, पण रात्री बरी झोप लागली.

एक मनापासून लिहितो. मी गेलो असतो तर बाहेर पडवीत विड्या ओढत बसलो असतो, आणि पोर आत एकटी ओरडली असती. तू गेलीस ते फार बरं झालं. गाव हलगी घेऊन कर्जत स्टेशनावर तुला घ्यायला येणार आहे. कधी येतेस ते कळव, आणि या भित्र्या माणसाला पदरात घे.

आबाजी

॥ श्री ॥

मु. नागपूर
ता. २७ फेब्रुवारी १९४७

मैनाच्या बाबांच्या पायाशी विमलचा दंडवत. वि. वि.

पत्र वाचून मैना म्हणाली की बाबा देवळात खरं बोलले, ते विमानापेक्षा अवघड. मलाबी तसंच वाटतं. कानात दडे बसतात, कापूस घालायला देतात, उतरल्यावर मोकळे होतात. एवढं धाकलूला सांगा, पन भावाला डाक्टरला दाखवून घे म्हणावं.

हलगी नको. मी एवढ्यात येत नाय. पोर लहान हाय, मैनाला अजून उठवत नाय.

एक गोष्ट पहिल्या पत्रात लिवली नाय. तुमी लपून बसला होतात, मंग उगाच आनखी कुठं टोचायचं म्हणून ऱ्हाऊ दिली. आता सांगते. मी इथं आले, दारात उभी ऱ्हायले, तेव्हा मैनानं मला पाहिलं, गळ्यात पडली, रडली. आन् मंग माझ्या खांद्यावरून मागं बघत ऱ्हायली. मी म्हटलं बाबा मागून येतायत. तेव्हापासून कडी वाजली की ती मान उचलते. दूधवाला असतो, नायतर शेजारीन. काल बाळाला पाजतानाबी उचलली.

गिरनी नामाभावजी बघतील. आगगाडीनं या, बैलगाडीनं या, पन या. विमानातली तुमची खुर्ची मी भरली. ही मला भरता येत नाय.

वाट बघनारी,
विमल