पिशवीतले देव

प्रिय आरोही,

तू शिकलीस हिंदीत, म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढते आहे. सावकाश वाच. हे मला फोनवर बोलता आलं नसतं.

तू देवासहून पाठवलेली अडीअडचणीची पिशवी आम्ही भरली बरं का. टॉर्च, मेणबत्त्या, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, सातू, गूळ, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, घराचे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून. यंदा धरणामुळे नर्मदेचं पाणी निसरपूर गाव ओलांडून आपल्या परसापर्यंत आलंय. खरं सांगू, फार सुंदर दिसतं ते. संध्याकाळी आपला कडुनिंब त्यात उलटा उभा राहतो, फांद्यांमधून ढग जातात, आणि मी तांदूळ निवडायचे सोडून बघत बसते. भीती वाटायला हवी, तर डोळ्यांवर झापड येते.

बाबांचा मात्र हट्ट, पिशवीत आधी देव. खंडोबाचा टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, सगळे ठेवले. पण देव म्हटले की सकाळी पूजा आली, संध्याकाळी दिवा आला. रोज पिशवी उपसायची, गोळ्या इकडे, बाटल्या तिकडे! शेवटी कंटाळून त्यांनी पिशवीतच पूजा मांडली. चेनला हळदकुंकू लागलं, सातूला कापराचा वास आला, आणि नैवेद्य दाखवून दाखवून बिस्किटांचा पुडा तुझ्या बाबांनीच संपवला. देवघराचा कोनाडा रिकामा. शेजारची सीता बघून हसली, म्हणाली, जिज्जी, भगवानजी तो तैयार बैठे हैं, आप लोग कब बैठोगे?

मी हसले. बाबा हसले नाहीत. तू देवासला या म्हणून इतक्या विनवण्या करायचीस आणि ते म्हणायचे, देवघर सोडून कुठे जाऊ? त्या दिवशी कोनाड्यापुढे कितीतरी वेळ बसून राहिले. पाण्याचा उजेड भिंतीवर हलत होता. मग म्हणाले, देव तर केव्हाच निघाले विनोदिनी, मागे आपणच राहिलोय. मला रडू आलं, आणि हलकंही वाटलं.

म्हणून लिहिते आहे. लेकीच्या घरी राहायला येतो म्हणायला जीभ रेटत नाही, तेही पाहुणे म्हणून नाही, कायमचं. अंशुलरावांना विचार, मनापासून हो म्हणाले तरच कळव. आणि तुझ्या स्वयंपाकघरात पूर्वेकडे एक फळी रिकामी होते का बघ. आम्ही काय, कुठेही टेकू. देवांना जागा लागते.

तुझीच,
आई