गोगलगायीला लागलेली धाप

५ ऑगस्ट, सोमवार

आजपासून रोजनिशी. पुढे कधी कुणी माझी मुलाखत घेतली तर तारखा हाताशी असाव्यात.

चॅनलवाल्या मॅडमनी आज आम्हा सगळ्या आवाजांची मीटिंग घेतली. सगळे म्हणजे मी, मुंगीणबाई आणि बेडूक. मी नऊ वर्षं सुसाटचा आपल्या भाषेतला आवाज आहे. सुसाट म्हणजे टपाल वाटणारी, कायम घाईत असलेली आणि कायम उशिरा पोचणारी गोगलगाय. कार्टून परदेशी असलं तरी त्यात जीव ओतला तो मी. (हे बेडकालाही मान्य आहे. तो बोलून दाखवत नाही.)

मॅडम म्हणाल्या, तेरा वर्षांवरची मुलं हल्ली कार्टून बघत नाहीत असं दिसतंय. तसं असेल तर नवा सीझन डब करण्यात अर्थ नाही. निर्णय महिनाअखेर. मी उठून ठणकावलं की बघतात! माझ्या घरातच पंधरा वर्षांचा पुरावा आहे. मॅडमनी विचारलं, तुमची मुलगी बघते? म्हटलं, बघते म्हणजे काय, पापणी लवत नाही तिची.

ती शेवटचं कधी बघत होती ते आठवत नाही. उद्या विचारून घ्यायचं.

६ ऑगस्ट, मंगळवार

विचारलं. लेक म्हणाली, कार्टून? बाबा, मी पंधरा वर्षांची आहे. आणि खोलीत जाऊन दार लावलं.

याला नकार म्हणता येणार नाही. तिने फक्त वय सांगितलं.

सहा वर्षांची असताना हीच मुलगी सुसाटने हुकूम सोडल्याशिवाय दात घासत नव्हती. मी बाथरूमच्या दाराआडून ओरडायचो, टपाऽऽल आलंय, तोंड उघडा! ती हसून हसून फेस सांडायची. तेवढं प्रेम असं कुठे जात नसतं. संकल्प : शास्त्रीय पद्धतीने शोध घ्यायचा. घाई करायची नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

प्रयोग पहिला. हॉलमध्ये टीव्हीवर सुसाट लावला, आवाज फुल. लेक आली, बिस्किट घेतलं, हेडफोन चढवले, गेली. पण टीव्हीकडे तोंड करून ती चार सेकंद उभी होती. मी मोजले.

बायको म्हणाली, बिस्किटांचा डबा टीव्हीशेजारीच असतो. ही चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासते, त्यामुळे समोरच्याला नीट दिसत नाही हे गृहीत धरूनच बोलते.

१० ऑगस्ट, शनिवार

सर्वेक्षण. पॅड, पेन आणि सफरचंद घेऊन लेकीच्या शाळेच्या फाटकाशी उभा राहिलो. (रेकॉर्डिंगआधी सफरचंद खाल्लं की जीभ टाळ्याला चिकटत नाही. सवय.) पहिल्या मुलाला विचारलं, कार्टून बघतोस का. नाही म्हणाला. पोरगं बुजलं असावं म्हणून तोच प्रश्न सुसाटच्या आवाजात विचारला. ते मागे सरकलं. त्याचे दोन मित्रही सरकले. मग वॉचमन पुढे आला.

त्याची तरी काय चूक? पन्नाशीचा माणूस, हातात सफरचंद, चिरक्या आवाजात मुलांना प्रश्न विचारतोय. मी माझी ओळख सांगितली. तो म्हणाला, करून दाखवा. करून दाखवलं. त्याने लगेच ओळखलं. म्हणाला, नातू रोज बघतो! नातवाचं वय विचारलं. चार. नोंद घेतली नाही.

संध्याकाळी ही बातमी घरी माझ्याआधी पोचलेली होती. लेक बोलत नाही. संकल्प : शाळेपासून दोनशे पावलांच्या आत स्वतःच्याच आवाजात बोलायचं.

११ ऑगस्ट, रविवार

सापडलं!!

सकाळी घरात सगळे झोपलेले असताना टीव्ही चाळत होतो. लेकीच्या नावाखाली (तिच्या मोबाइलवरही हेच खातं आहे) 'पुढे पाहा'मध्ये सुसाट! एकतिसावा भाग, अर्धा बघून सोडलेला. त्याआधीचे तीस पूर्ण. पोरगी गुपचूप बघते. मला नाचावंसं वाटलं. थोडा नाचलो. कंबरेला बरं वाटलं नाही, बसलो.

एकच तांत्रिक बिघाड. भाषा आपोआप मूळ परदेशीवर गेलेली आणि खाली कॅप्शन सुरू. सेटिंगमध्ये जाऊन माझा आवाज परत लावून ठेवला.

१३ ऑगस्ट, मंगळवार

बिघाड पुन्हा. परवा दुरुस्त केला, आज परत परदेशी. कंपनीला फोन लावला. बाई म्हणाल्या, सर, घरातलंच कुणीतरी बदलत असेल. म्हटलं, बाई, ज्या घरात गोगलगाय स्वतः राहते त्या घरात तिचा आवाज कोण बंद करणार? बाईंनी तक्रार नोंदवून घेतली. हसल्यासारखा आवाज आला, पण लाइनच खराब असणार.

१४ ऑगस्ट, बुधवार

मोठा दिवस. रेकॉर्डिस्टने बोलावलं आणि सुसाटचे नुसते आवाज एकेक करून, स्वच्छ, सुटे मागितले. हसणं, शिंकणं, आपटणं, चिखलात घसरणं आणि सगळ्या प्रकारच्या धापा. सगळे मिळून शेहेचाळीस. मुंगीणबाईंकडे मागितले नाहीत. बेडकाकडेही नाहीत. फक्त माझ्याकडे. कशासाठी असं विचारल्यावर रेकॉर्डिस्ट हेडफोन पुसत म्हणाला, असू दे, संग्रही. म्हणजे कलेचं जतन चाललंय. उशिरा का होईना, कुणाला तरी सुचलं.

मोठी धाप सहा टेकमध्ये ओके झाली. नंतर जरा बसावं लागलं. रेकॉर्डिस्टने पाणी आणून दिलं. त्या बूथमध्ये हवाच खेळत नाही, लेखी तक्रार करायला हवी.

१७ ऑगस्ट, शनिवार

मॅडमचा फोन. म्हणाल्या, दहा मुलं घेऊन या, आमच्या छोट्या थिएटरमध्ये तुमच्या आवाजातला एक भाग दाखवू, फॉर्म भरून घेऊ. चोवीस तारखेला. तत्काळ हो म्हटलं.

मग लेकीच्या दाराशी अर्धा तास घालवला. तुझे मित्रमैत्रिणी आण म्हटलं, सँडविच आणि थंड पेय चॅनलकडून. तिने दार उघडून विचारलं, बाबा, नक्की? म्हटलं नक्की. अजून दोनदा विचारलं. म्हणाली, पोरं खरं बोलतात हं. म्हटलं, मला खरंच हवंय. मग म्हणाली, तोंडी नको, सगळ्यांनी लिहूनच देऊ दे आणि नावं नको टाकायला.

काय ही शास्त्रीय दृष्टी! माझ्यावर गेली आहे.

२१ ऑगस्ट, बुधवार

बायकोचं म्हणणं, तू त्या दिवशी जाऊ नकोस, मुलांना मोकळेपणाने बघू दे. पटलं. संकल्प : चोवीस तारखेला घरी बसायचं.

२४ ऑगस्ट, शनिवार. दुपारी २

गेलोच. पण प्रोजेक्टरच्या खोलीत उभा होतो, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या थिएटरमध्ये नव्हतो.

आणि काय सांगू! पोरं चौदा-पंधरा-सोळाची, एकाला तर मिशी. सुसाट पडद्यावर आला आणि टाळ्या! खो खो हसली. पुढचा डायलॉग सुसाटच्या आधी म्हणत होती, शब्द जरा इकडेतिकडे. मिशीवाल्याने मुंगीची चाल करून दाखवली. एका मुलीच्या दप्तराला सुसाटचं कीचेन होतं. कार्टून लहान मुलांचं असतं म्हणणाऱ्यांनी यायला हवं होतं बघायला. माझ्या मोठ्या धापेला तर अख्खी ओळ लोळली. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं ते मात्र कळलं नाही, तो प्रसंग गंभीर होता.

मॅडम थक्क. म्हणाल्या, तुमचं खरं ठरलं. फॉर्मच्या झेरॉक्स मला दिल्या. घरी जाऊन चहाबरोबर वाचायच्या, सावकाश, एकेक.

२४ ऑगस्ट, संध्याकाळी ६

वाचले.

कार्टून बघता का? दहापैकी दहा हो. सुसाट बघता का? दहापैकी दहा, दर आठवड्याला. कोणत्या भाषेत? दहापैकी दहा, मूळ आवाजात, कॅप्शन लावून.

खाली मत लिहायला जागा होती. एकाने लिहिलंय, आपला सुसाट म्हणजे काकांनी चार जिने चढून फोन उचललाय. दुसऱ्याने लिहिलंय, धापेला लय हसलो, गोगलगायीला डॉक्टरकडे न्या.

दहाव्या फॉर्मवर नाव नाही. पण त्यातल्या 'स'ला पोटात एक जादा गाठ आहे. तसा 'स' मीच शिकवला होता, चुकीचा. लिहिलंय : सुसाट अजूनही खूप आवडतो. हल्ली त्याला दम लागतो. आता त्याला बसू द्या.

चहा तसाच राहिला.

टीव्हीत बिघाड नव्हता. कंपनीच्या बाई बरोबर होत्या.

२५ ऑगस्ट, रविवार

बायकोने सगळं सांगितलं. तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. लेक खोलीचं दार लावते आणि हेडफोन घालते ते अभ्यासासाठी नाही, माझ्या कानावर दुसरी गोगलगाय पडू नये म्हणून. कार्टून बाळबोध असतात असं म्हणायची तेही त्यासाठीच. बघतेस तर माझ्या आवाजात का नाही, हा प्रश्न मी विचारणार हे तिने ओळखलं होतं.

फार वाईट वाटलं. आवाजाचं तर वाटलंच, ते नाकारत नाही. पण दोन वर्षं ही पोरगी माझ्यासाठी घरात झोपलेल्या माणसाजवळून जावं तशी चवड्यांवर चालतेय आणि मी दारावर थापा मारतोय, पुरावा दे म्हणून.

संकल्प : या विषयावर तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही.

जेवताना बोललो. ती रडली. मग मीही. बायको म्हणाली, दोघं जरा थांबा, वरण आधीच खारट झालंय. लेक नाक पुसत म्हणाली, बाबा, तू वाईट नव्हतास रे, फक्त दमतोस. मी म्हटलं, बूथमध्ये हवा कमी आहे. लेकीने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

२७ ऑगस्ट, मंगळवार

मॅडमचा फोन. भरभरून आभार मानले. तुमच्यामुळे सिद्ध झालं, म्हणाल्या, ही मुलं बघतात, फक्त आपल्याकडे बघत नाहीत. नवा सीझन मंजूर. आवाज नवा. बावीस वर्षांचा मुलगा आहे, पण फार फरक जाणवणार नाही, कारण तुमचे शेहेचाळीस आवाज ऐकून त्याने तयारी केलीय.

म्हणजे ते जतन यासाठी होतं. मीच मुलं गोळा केली, मीच सिद्ध केलं, मीच धापा देऊन आलो. एवढा परिपूर्ण प्रकल्प मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

चॅनलने विचारलंय. नव्या सीझनमध्ये सुसाटचे आजोबा आहेत. दारात बसलेले असतात. प्रत्येक भागात एक वाक्य. तेच.

बेडूक म्हणाला, घेऊन टाक. मी चॅनलला फोनवर म्हटलं, विचार करून सांगतो. विचार केला, आणि फोन ठेवायच्या आत हो म्हणालो. चरित्र भूमिका आहे. नायकाला नुसतं धावायचं असतं, खोली असते ती आजोबांना.

संकल्प : आजोबांचा असा आवाज घडवायचा की लोक सुसाटला विसरतील.

७ सप्टेंबर, शनिवार

तयारी जोरात. कापसाचे बोळे गालात धरून बोलतो. एक गिळला. रोज सकाळी थरथरता सूर, दुपारी खोल सूर. शेजारच्यांनी बायकोला विचारलं, घरी कुणी आजारी आहे का.

१२ सप्टेंबर, गुरुवार

रेकॉर्डिंग. वाक्य आहे, 'हळू जा रे, पडशील.' थरथरता सूर लावला. रेकॉर्डिस्टने थांबवलं. खोल सूर लावला. थांबवलं. कापूस काढायला सांगितला. म्हणाला, काका, आवाज काढूच नका, घरी बोलता तसं बोला. तसं बोललो. ओके, म्हणाला. पहिल्या टेकला. नऊ वर्षांत माझा पहिला टेक कधी ओके झाला नव्हता.

अजून एक माझ्या समाधानासाठी घेऊ म्हटलं. पण तोवर नवा मुलगा बूथच्या दाराशी आला होता. वाकून नमस्कार केला त्याने. हातात सफरचंद होतं. माझ्यापेक्षा चांगलं हसतो. हे इथेच लिहितोय.

२८ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११

पहिला भाग लागला. लेकीने हॉलमध्ये बसून बघितला. दार उघडं, हेडफोन नाहीत, भाषा आपली. मी पेपर वाचत असल्याचं दाखवत होतो.

नवा सुसाट आला, तिने मान डोलावली. मग दारातले आजोबा म्हणाले, हळू जा रे, पडशील. आणि ही जी हसत सुटली! बायकोला ओरडून बोलावलं, आई, ये लवकर, हा तर बाबा! मागे घेऊन चार वेळा लावलं. दोघी सोफ्यावर एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. डोळे पुसत लेक म्हणाली, बाबा, मानलं तुला, इतका कटकट्या म्हातारा तू हुबेहूब कसा काय केलास?

म्हटलं, अभ्यास लागतो त्याला.

काहीच केलं नव्हतं मी. हे कुणाला सांगायचं नाही.

३० सप्टेंबर, सोमवार

सकाळी लेक दप्तर पाठीला लावून नेहमीसारखी जिन्याकडे धावली. दारातून मी नेहमीसारखं म्हणालो, हळू जा, पडशील. अभिनय नाही, काही नाही, रोजचं.

ती जिन्यात बसली आणि कठडा धरून हसायला लागली. फेस सांडायची तशी. नऊ वर्षं मी त्या हसण्यासाठी शिंकलो, आपटलो, चिखलात घसरलो.

मग उठली आणि हसता हसताच दोन पायऱ्या चुकली. पडली नाही.