उत्तरेची तुटक रेघ

सोमवार, ४. सकाळी ८.
खोदकाम सुरू. गावाच्या मध्ययुगीन तटबंदीच्या नकाशात तीन बाजू सलग रेघेच्या, उत्तरेची तुटक. तुटक म्हणजे नुसता अंदाज. तीस वर्षं ती रेघ मला वाकुल्या दाखवते आहे. महिनाअखेर रिटायर होतोय. त्याआधी ती सलग करणार म्हणजे करणार.

ज्युनियर बाईंना पहिला धडा दिला: खड्डा बुजवताना तळाशी बाटलीत तारखेची चिठ्ठी ठेवायची. पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात.

दुपारी बायको विसरलेला डबा घेऊन आली. म्हणाली, इथे आपण पूर्वी आलोय. इथलं थिएटर आत्ता कुठे पाडलंय. सिनेमाला आलो असू, असं सांगितलं.

बुधवार, ६.
माती भुसभुशीत. बाईंचं म्हणणं, ही कुणीतरी उकरून परत भरलेली आहे. अर्थात आहे! लोकांनी तटाचे दगड घरं बांधायला उपसून नेले आणि खड्डा भरून टाकला. दगड नाहीत, त्या अर्थी भिंत होती. बाईंनी विचारलं, भिंत नसती तर काय दिसलं असतं? प्रश्न आगाऊ वाटला. त्यांना माती चाळायला बसवलं.

शुक्रवार, ८.
बाईंचा मागच्या साइटचा रिपोर्ट आठवडाभर लेट. चांगलं झापलं. खणणं कुणालाही जमतं, वेळेवर लिहिणं ही खरी शिस्त. माझेही दोन-तीन जुने रिपोर्ट बाकी आहेत, पण ते डोक्यात तयार आहेत.

सोमवार, ११.
साहेबांचा फोन. बुधवारपर्यंत काही निघालं नाही तर काम बंद. भिंत फक्त वीतभर खाली आहे, असं ठणकावून सांगितलं. मोजलेलं नाही, पण आतून वाटतंय. घरी येऊन नकाशावरची रेघ सलग करून टाकली. पेनाने. पेन्सिल भित्र्यांसाठी असते.

मंगळवार, १२.
जुन्या खड्ड्याच्या कडा सरळसोट निघाल्या. दगड चोरणारे एवढ्या सरळ कडा कशाला काढतील, असं बाई म्हणाल्या. पूर्वीचे लोक शिस्तीचे होते.

बुधवार, १३. दुपारी ३.
तळ लागला. खाली घट्ट, कुणाचाही हात न लागलेली माती. दगड एकही नाही. कोपऱ्यात बूच लावलेली बाटली.

चिठ्ठी बाईंनी सगळ्यांसमोर वाचली. इथे तटबंदी नाही, पुन्हा खणू नये. बावीस वर्षांपूर्वीची तारीख. खाली माझी सही.

सही बनावट असू शकते, असं मी म्हणून पाहिलं. कुणी हसलं नाही. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. हसले असते तर बरं झालं असतं. फार वाईट वाटलं.

गुरुवार, १४.
बायकोला आता सगळं आठवतंय. थिएटरच्या मागे खणत होतो आणि तेव्हाही डबा तीच घेऊन आली होती. त्या खोदकामाचा रिपोर्ट कुठे आहे, असं तिने विचारलं. विषय बदलला.

या जागेबद्दल माझं मत बावीस वर्षांपूर्वीच अचूक होतं, हे मात्र कुणीही बोलून दाखवत नाही. नकाशावरची पेनाची रेघ ब्लेडने खरवडली. भोक पडलं.

संध्याकाळी खड्डा बुजवला. त्याआधी तळाशी नवी चिठ्ठी ठेवली. मजकूर तोच. अक्षर मोठं काढलं, मला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.