तुझ्या गाडीतलं पाणी

१८ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. सवयीनं आधी ‘सौ.’ लिहिलं, मग तुला आवडेल की नाही कळेना, म्हणून नवा कागद घेतला. इथे सगळं ठीक. माझा गुडघा आत्तापासूनच कुरकुरतोय, म्हणजे यंदा थंडी कडक पडणार. तुझ्या कुंड्या आत घेतल्या आहेत.

पुढच्या शनिवारी तू गाडी न्यायला येणार, म्हणून गाडीचं सांगते. तू घर सोडून गेल्यापासून माझे चिरंजीव ती अधूनमधून फिरवायचे. रेडिएटरची रबरी नळी गळत होती. ती बदलायचा आळस, म्हणून स्वारी उन्हाळाभर नळाचं पाणी ओतत राहिली. परवा कोपऱ्यावरच्या गॅरेजवालीला दाखवलं, तर तिनं कपाळावर हात मारला. “आजी, यात कूलंट नावालाही उरलेलं नाही. नुसतं पाणी गोठलं की फुगतं. इंजिन तडकेल!”

घरी येऊन हे तुझ्या नवऱ्याला सांगितलं. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, “राहू दे ना तसंच. गाडी निघाली नाही तर थांबेल दोन दिवस.”

तू रागावशील. पण मी त्याला लगेच गप्प केलं नाही. मलाही वाटलं, थांबेल. तू थांबलीस तर काय काय बोलायचं, याचे बेत मी भांडी घासताना केले. तुझ्यावाचून हे घर खायला उठतं गं, आता सांगूनच टाकते.

आज सकाळी खिडकीतून दव गोठून गवत पांढरं झालेलं दिसलं आणि माझी मलाच लाज वाटली. माणसाला असं अडकवून ठेवायचं? स्वेटरवर स्वेटर चढवला आणि गॅरेजवालीला घेऊन आले.

तिनं पाणी काढलं, नळी बदलली आणि जेवायला गेली. म्हटलं, तेवढ्यात आपण उरकून टाकू. सढळ हातानं कूलंटचा अख्खा कॅन ओतला, पाण्याचा थेंब नाही! ती आली आणि हसत सुटली. नुसतं कूलंटही लवकर गोठतं म्हणे, निम्मं पाणी लागतंच. पुन्हा सगळं काढलं. “सुनेची गाडी का? माया जरा बेतानं करा,” म्हणाली.

आता हीटर लावून, इंजिन चालवून, आतली हवा काढून झाली आहे. उरलेलं मिश्रण डिकीत ठेवलंय. कूलंटच्या टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी ठेव, गाडी गरम असताना झाकण उघडू नको. तुझ्या मांजरीलाही त्यापासून लांब ठेव. ते गोड लागतं, पण विष आहे.

किल्ली त्याच्याकडून मागून घेतली. आता माझ्याकडेच आहे. तू आलीस की दारातच तुझ्या हातात देईन. मग वाटलं तर बस, मी चहा टाकते. नाही बसलीस तरी गाडी पहिल्या झटक्यात सुरू होईल. तोवर मी रोज सुरू करून बघणार आहे.

हल्ली फोनवर तू मला नुसतं ‘अहो’ म्हणतेस. चालेल. मला मात्र दुसरी सही येत नाही.

तुझी,
आई